मुलीचा खो-खो दहावीसाठी बंद करावा का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. सहावीपासून शाळेच्या संघात खो-खो खेळते. यंदा सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ जिल्ह्यापर्यंत गेला. उपांत्य सामन्यात शेवटची पाळी चालू होती आणि आमच्या मुली पळत होत्या. समोरच्यांना बरोबरीला एक आणि जिंकायला दोन गडी हवे होते, वेळ जेमतेम मिनिटभर उरलेला. तुकडीतल्या दोघी आधीच बाद झालेल्या, ही एकटी आत. खांबाजवळ वळताना समोरच्या मुलीने सूर मारला आणि तिची बोटं हिच्या पाठीला लागली. पंचांच्या आणि हिच्या मध्ये नेमका खांब आला, त्यामुळे त्यांना दिसलं नाही, शिट्टी वाजली नाही. ही थांबली, हात वर केला आणि बाहेर आली. पुढची तुकडी आत जाऊन नीट उभी राहायच्या आत त्यातली एक गेली. आम्ही एका गड्याने हरलो.

आम्ही पालक बाजूलाच उभे होतो. दोघी-तिघी आया माझ्याकडे अशा बघत होत्या की मी मान वर केली नाही. एकीने तर "फार शहाणी आहे तुमची" असं ऐकवलंच.

सरांनी तिथे कुणाला काहीच म्हटलं नाही, रागाने नाही की कौतुकाने नाही. एसटीत सगळ्यांना चिवडा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर हिला एवढंच म्हणाले, "खांबाशी पाठ उघडी टाकून वळलीस. आतल्या पायावर वळायचं. चल, वीस वेळा कर." बस्स.

आता प्रश्न. जूनपासून दहावी. हिचे बाबा म्हणतात, खेळ मार्चपर्यंत बंद, नंतर बघू. सगळ्यांकडे असंच करतात, मला कळतंय. पण त्या दिवशी तिने हात वर केला ते कुठून आलं, याचाच विचार माझ्या डोक्यात घोळतोय. ते मी शिकवलेलं नाही. खरं सांगायचं तर पंचांनी दिलं नाही तर आपण कशाला, असंच मी तिला सांगितलं असतं. मग हे सरांनी घडवलं का? आणि तसं असेल तर ते एक वर्ष बंद ठेवता येतं का?

आंबेमोहोर

लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. बाकी नंतर सविस्तर लिहिते, डोळे भरून आले वाचताना.

सरळरेषा

मुलीचं कौतुक आहेच, पण ते खेळामुळे झालं हे मला पटत नाही. मुलगी मुळातच सरळ असेल.

माझा मुलगा दोन वर्षं क्रिकेटला जात होता. तिथल्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जन्मदाखल्यावर दीड वर्ष कमी करून आणा, खालच्या वयोगटात खेळवू. वर "सगळेच करतात" हेही होतं. तेरा वर्षांच्या मुलाला खेळातून मिळणारा पहिला धडा हा. मी त्याला काढून घेतलं. राहुल द्रविडने २०१५ साली क्रिकेट मंडळाच्या पतौडी व्याख्यानात याच वयचोरीवर कडक शब्दांत बोलून घेतलं होतं. तिथे नेऊन बोलावं लागलं म्हणजे प्रकार किती पसरला असेल बघा. तेव्हा 'खेळाने चारित्र्य घडतं' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर ठीक आहे.

फक्की_आणि_शिट्टी

सरळरेषा, तुमचा राग समजतो. पण तुम्ही जे सांगताय त्यातून उलट गोष्ट सिद्ध होते. मुलं प्रशिक्षकाकडून शिकतातच. तो खोटं शिकवेल तर खोटं शिकतील.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, बीड जिल्ह्यात. खेळाचं मैदान आखणं, शिट्टी वाजवणं आणि उरलेल्या वेळात गणित शिकवणं अशी कामं करतो. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा संघ ऊसतोडीला जातो. आईबापांबरोबर पोरं फडावर, थेट होळीच्या आसपास परत. सुरुवातीच्या वर्षी मी चूक केली. गेलेल्यांच्या जागी दुसरी मुलं घेतली आणि परत आलेल्यांना सांगितलं की आता पुढच्या वर्षी. त्यातली तीन पोरं मैदानावर तर नाहीच, शाळेतही पुन्हा आली नाहीत.

तेव्हापासून नियम केला. गेलेल्याची जागा त्याची. तो येईपर्यंत दुसरा खेळेल, पण त्याला माहीत असेल की ही जागा राखलेली आहे. जाताना पोराला सांगतो, रोज फडाच्या कडेने दहा पळापळी मार, आल्यावर मी बघणार. आल्यावर खरंच बघतो. पोरं मारून आलेली असतात. कुणी बघायला नव्हतं तरी. कोयनाकाठताई, तुमच्या लेकीचा हात वर गेला तो मला याच जातीचा वाटतो. कुणीतरी आपल्यावर आधी विश्वास टाकलाय, हे पोराला कळलं की ते त्या विश्वासाला जपतं.

आणि तुमच्या सरांबद्दल. "आतल्या पायावर वळायचं" हे वाक्य वाचून मी उठून उभा राहिलो. त्यांनी खरेपणाला चर्चेचा विषयच केला नाही. तो गृहीत धरला. चुकलं होतं ते वळणं, तेवढं दुरुस्त केलं.

लालमाती

गुरुजी, शेवटच्या परिच्छेदाला मुजरा.

ताई, तुम्ही कोयनेच्या काठच्या म्हणजे आमच्या खाशाबांच्या मुलखातल्या. त्यांचं गाव गोळेश्वर तुमच्या हाकेच्या अंतरावर. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सगळ्यांना पाठ असतं. पण जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकाइतकाच मला हा फड मोठा वाटतो.

मी सहा वर्षं तालमीत राहिलोय. नवीन पोराला पहिले काही महिने कुस्ती मिळतच नाही. आखाड्याचा हौद उकरायचा, मातीत ताक-हळद-तेल कालवायचं, मोठ्या पैलवानांचं अंग रगडायचं, जोर-बैठका काढायच्या. वस्ताद बोलतो कमी, बघतो जास्त. कोण उकरताना कोपरे सोडतो हे त्याला माहीत असतं.

पायरीवरचा

शिवाजी पार्कच्या कठड्यावर आयुष्य गेलेला माणूस आहे, त्यामुळे सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक आचरेकर सर यांचा विषय निघणार हे ठरलेलंच.

फक्की म्हणतात त्या 'कौतुक न करण्या'बद्दल. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिनने निरोपाचं भाषण केलं, त्यात त्याने सांगितलं की सरांनी इतक्या वर्षांत एकदाही 'छान खेळलास' म्हटलं नाही, कारण पोरगा सुस्तावेल अशी त्यांना भीती होती. त्याच भाषणात स्कूटरचाही उल्लेख होता. सर त्याला मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दिवसाला दोन-दोन सामने खेळायला मिळावेत म्हणून. शब्दाने कौतुक नाही, पण स्वतःचं पेट्रोल आणि स्वतःची दुपार पोरासाठी. मुलांना हा हिशेब बरोबर कळतो.

स्टंपवर ठेवलेल्या रुपयाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. जो सचिनला बाद करेल त्याचा रुपया, नाबाद राहिला तर सचिनचा. अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत. मला त्यातली गंमत अशी वाटते की त्या रुपयामुळे गोलंदाज पोरंही जीव तोडून टाकायची. एका खेळीत दोघांचा सराव.

आणि १९८८ ची हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेतली ६६४ धावांची भागीदारी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. एका धावेवर साडेतीनशे उभे होते, तरी सरांचा निरोप आल्यावर डाव घोषित झाला. आज कुणी आईबाप तसं होऊ देतील का?

रुईफूल

पायरीवरचा, सुंदर लिहिलंत, पण मला इथे थोडं अडायचं आहे. 'कौतुक करायचं नाही' हे प्रत्येकाला झेपत नाही. मी कबड्डी खेळायचे, विद्यापीठापर्यंत. आमचे एक प्रशिक्षक होते, ते कौतुक तर करायचे नाहीतच, वर चुकलं की कानाखाली. 'त्याशिवाय तयार होत नाहीत' असं म्हणायचे, आणि घरचेही 'सर मारतात म्हणजे जीव लावतात' म्हणायचे. मी तयार झाले, हे खरं. पण आमच्यातली सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी अकरावीत खेळ सोडून गेली. चढाईला जाताना तिचं लक्ष समोरच्या संघाकडे नसायचं, मागे सरांच्या चेहऱ्याकडे असायचं. असा खेळाडू मध्यरेषेपलीकडे काय धाडस करणार?

पोरांना मारून धाक येतो. धाक गेला की त्याबरोबर शिस्तही जाते. ताईंच्या लेकीने पंचांची शिट्टी नसताना हात वर केला. धाकात वाढलेली मुलगी पंचांना दिसलं नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकते. मी टाकायचे.

आणखी एक, मुलींच्या आईबापांसाठी स्पष्टच लिहिते. सर कितीही देवमाणूस असोत, बाहेरगावी संघ जाताना बरोबर एक बाई शिक्षिका किंवा एखादी आई असायलाच हवी. एकट्या मुलीला 'खास सराव' नको. मुलीला घरी येऊन काहीही सांगता यायला हवं. चांगला प्रशिक्षक या अटींवर कधीच चिडत नाही. उलट तोच आधी सांगतो. चिडला तर तिथून मुलीला घेऊन या.

कोयनाकाठ

रुईफूलताई, मनापासून आभार. आमच्या संघाबरोबर चित्रकलेच्या बाई असतात, त्यासाठी सरांनीच मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला होता. मला तेव्हा उगाच खर्च वाटला होता.

भाकरतुकडा

रुईफूल +१००. मारणाऱ्यांची भलामण आता थांबवू या.

लालमाती, ते मातीत ताक घालतात ते थंडाव्यासाठी का? आमचे आजोबा म्हणतात, लिंबू पण घालायचे.

लालमाती

भाकरतुकडा, लिंबू, ताक, हळद, तेल, सगळं. माती मऊ राहते, भुसभुशीत होते आणि खरचटलं तर चिघळत नाही असा जुन्यांचा अनुभव. कोल्हापूरला या एकदा, पहाटे पाचला दाखवतो. थंडाई माझ्याकडून.

निळीछत्री

जर्मनीहून लिहितेय. इथलं चित्र वेगळं आहे म्हणून सांगते. गावोगावी क्रीडामंडळं असतात आणि मुलांना शिकवणारे बहुतेक जण तिथलेच पालक, नोकरी संभाळून संध्याकाळी फुकट येणारे. २०२४-२५ च्या मोसमापासून जर्मन फुटबॉल संघटनेने अगदी लहान गटांचे सामनेच बदलले. छोटी मैदानं, चार छोटे गोल, दोघांविरुद्ध दोघं किंवा तिघांविरुद्ध तिघं. जिंकलेले पुढच्या मैदानावर सरकतात, हरलेले मागच्या. गुणतक्ता नाही, विजेतेपद नाही. बाहेर बसलेली मुलं ठरलेल्या क्रमाने आत येतात, त्यामुळे 'कमकुवत' म्हणून कुणी शेवटपर्यंत बाकावर राहत नाही.

माझा सात वर्षांचा मुलगा पूर्वी सामन्यात चेंडूला तीनदा पाय लावायचा, आता कितीतरी वेळा लावतो. पण माझा खरा मुद्दा दुसराच आहे. त्याच्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी आम्हा पालकांना रेषेपासून मागे उभं केलं आणि सांगितलं, आत ओरडायचं नाही. आम्ही गप्प बसल्यावर मुलं एकमेकांशी बोलायला लागली.

सरळरेषा

गुणतक्ता नाही, विजेता नाही, मग मुलं हरायला शिकणार कधी? ताईंची मुलगी हरली म्हणून तर हा धागा निघाला.

निळीछत्री

सरळरेषा, मुलगा मागच्या मैदानावर सरकतो तेव्हा त्याला नेमकं कळतं की आपण हरलो. गाडीत बसून रडतो सुद्धा. फक्त पुढच्या सात मिनिटांत पुन्हा खेळायला मिळतं. मोठे झाल्यावर गुणतक्ते येतातच. इथेही या बदलावर खूप वाद झाले, तुमच्यासारखं म्हणणारे पुष्कळ आहेत.

धावपट्टी

मंडळी, वाद छान चाललाय, पण ताईंचा मूळ प्रश्न दहावीचा आहे.

मी लांब पल्ल्याची धावायचे, नाशिककडची. आमच्या पिढीसमोर कविता राऊत होती. आदिवासी पाड्यातली, अनवाणी पळायला सुरुवात केलेली, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक. तिच्यामुळे आमच्या गावात मुलींच्या पळण्याला कुणी हसेना.

माझं दहावीला पळणं बंद केलं. चांगल्या हेतूनेच केलं. झालं काय, सकाळचा दीड तास मोकळा झाला आणि तो अभ्यासात गेलाच नाही. अंथरुणात गेला, काळजीत गेला. आधी सकाळी पळून आले की सातला आंघोळ, साडेसातला पुस्तक, हे आपोआप घडायचं. पळणं गेल्यावर दिवसाला कणाच राहिला नाही. टक्के यायचे तेवढेच आले, जास्त नाही. आणि अकरावीत परत मैदानावर गेले तेव्हा माझ्याबरोबरच्या मुली कुठल्या कुठे गेल्या होत्या. मी पुन्हा कधीच त्यांच्याबरोबर पोचले नाही. त्याचं दुःख अजून आहे, लपवत नाही.

आंबेमोहोर

आता सविस्तर. मी दहावीला शिकवते, बावीस वर्षं. धावपट्टीने लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा, पण एक पुस्ती. सगळं होतं तसं चालू ठेवणंही चूक. सहामाहीनंतर बाहेरगावच्या स्पर्धा कमी कराव्यात, सराव आठवड्याला तीन दिवस ठेवावा. हे खेळशिक्षक आणि वर्गशिक्षक यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. बहुतेक शाळांत ते दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत आणि मूल मध्ये चेंगरतं.

आणि दहावीत खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी किंवा पुढे नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी खेळ चालू ठेवू नका. ते मिळालं तर हक्काचं आहे, जरूर घ्या. पण त्याच हिशेबाने आलेले पालक प्रमाणपत्र हातात पडलं की मुलाला मैदानावरून उचलतात. मी पाहिलंय, ती मुलं नंतर खेळाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

फक्की_आणि_शिट्टी

आंबेमोहोरबाई, शाळेत खेळशिक्षक आहे हेच मुळी किती जणांच्या नशिबात? पीटीचा तास म्हणजे राहिलेला पोर्शन पूर्ण करायचा तास. पोरं वहीवर 'शा. शि.' लिहून आत बीजगणित सोडवतात. सरांच्या मोठेपणाबद्दल आपण इतकं बोलतोय, पण असे सर शाळेत असावेत म्हणून पालकसभेत एकदा तरी कुणी प्रश्न विचारतो का? गणिताचे शिक्षक महिनाभर नसले तर गाव गोळा होतं.

खो-खोचंच घ्या. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात याचे नियम बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताचे मुलगे आणि मुली दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हीचे कर्णधार आपल्याकडचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या खेळाला दोन खांब आणि पोतंभर फक्की एवढाच खर्च येतो, तो शिकवायला माणूस नाही.

पायरीवरचा

गुरुजी, शंभर टक्के सहमत. सरळरेषा, तुमच्या मुलाचं पुढे काय झालं? तो आता काही खेळतो का?

सरळरेषा

नाही खेळत. मोबाइल खेळतो.

द्रविडचं मी वर लिहिलं, त्यातच एक भर घालतो. १९ वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक असताना त्याने एकदा विश्वचषक खेळलेल्या मुलाला दुसऱ्यांदा घ्यायचं नाही असं धोरण लावून धरलं, म्हणजे जास्त मुलांना संधी मिळते. २०१८ ला तो संघ जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने त्याला पन्नास लाख आणि बाकीच्या सहकाऱ्यांना वीस-वीस लाख जाहीर केले, तेव्हा सगळ्यांना सारखेच द्या असं त्याने सांगितलं. शेवटी सगळ्यांना पंचवीस लाख मिळाले. स्वतःचे निम्मे झाले. मुलं हे बघत असतात.

इतके प्रतिसाद वाचल्यावर एवढं मान्य करतो की मी एका माणसामुळे मुलाला सगळ्याच खेळातून काढलं. दुसरं मैदान शोधायला हवं होतं. तो अजून पंधराच वर्षांचा आहे.

रुईफूल

सरळरेषा, हे लिहिल्याबद्दल तुमचा आदर वाटतो. कुठल्या गावात आहात? मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन-तीन चांगली मैदानं माहीत आहेत.

कोयनाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद मी रात्री हिच्या बाबांना वाचून दाखवले. धावपट्टीताईंचा दोनदा वाचायला लावला त्यांनी. आज आम्ही दोघं सरांना भेटलो.

सरांनी आधीच कागद करून ठेवला होता. दहावीच्या मुलींसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते सव्वासात. डिसेंबरपासून स्पर्धा नाहीत. जानेवारीनंतर फक्त शनिवारी, तेही सहावीच्या मुलींना शिकवायला. हे म्हणाले, शिकवायला कशाला? सर म्हणाले, "बारक्यांना वळायला शिकवेल तेव्हा हिचं वळणं पक्कं होईल."

मग मी धीर करून विचारलं, की त्या दिवशी तुम्ही तिला शाबासकी का दिली नाहीत. ते जरा गोंधळले. मग म्हणाले, "सरावात आमच्याकडे पंच नसतोच. ज्याला लागलं तो हात वर करतो. ती रोजच करते." मला पुढे काही विचारता आलं नाही.

तर खेळ चालू राहतोय. हे स्वतः परवा सहाला सोडायला जाणार आहेत. फक्की सर, एक विचारायचं राहिलं. हिचे बूट टाचेला फाटलेत. आमचं मैदान काळ्या मातीचं आहे, सकाळी दंव असतं. कोणते घ्यावेत?

फक्की_आणि_शिट्टी

साधे कॅनव्हासचे घ्या ताई, तळ पातळ आणि खाचांचा. जाड टाचेचे पळायचे बूट नकोत, वळताना पाय मुडपतो. बोटापुढे जागा सोडू नका, वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घेऊ नका. आणि पहिले चार दिवस ते घालून घरातच चालू द्या.